काठी बदला, पण आधी कपाट उघडा!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला अजूनही बोटांवर मोजून ठरवावं लागतं. त्यामुळे मी मासिकाच्या मराठी विभागात लिहितेय हे कळल्यावर माझ्या रूममेटने आधी कपाळाला हात लावला आणि मग विचारलं, "विषय काय? प्रेम की पाऊस?" म्हटलं, "काठी." पुढची दोन मिनिटं ती नुसती हसत होती.

हसा, बिनधास्त हसा! फर्स्ट इयरला मी पहिल्यांदा ट्रेकिंग पोल घेऊन हॉस्टेलच्या गेटवर उभी राहिले, तेव्हाही सगळे हसलेच होते. "काय आजीबाई, गुडघे गेले वाटतं?" आज आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये त्याच काठ्यांवरून इतकी भांडणं चालू आहेत की कुणाला हसू येत नाहीये. त्या भांडणात माझं मत काय, ते सांगायला हा लेख. आणि त्यात माझी एक चूक आहे, तीसुद्धा सांगायची आहे.

झालं असं. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही सव्वीस जण राजगडला गेलो. नसरापूर फाट्यावर मिसळ, मग मार्गासनीवरून गुंजवणे, तिथून चोर दरवाजाची वाट. पाऊस संपलेला, सगळीकडे पिवळी फुलं, सगळं कसं फोटोत असतं तसं! पद्मावती माचीवर देवळासमोर डबे उघडले, बालेकिल्ला केला आणि तीनच्या सुमारास उतरायला लागलो. चोर दरवाजाखालचा रेलिंगचा टप्पा सगळे नीट उतरले. अवघड संपलं म्हणून जरा सैलावलो आणि खालच्या सोंडेवर, बारीक मुरमाच्या घसाऱ्यावर, माझ्या पुढे चालणाऱ्या एका फर्स्ट इयरच्या मुलीने उतारावर काठी टेकवली, त्यावर वजन टाकलं, आणि काठी दुर्बिणीसारखी आत गेली. 'खट्' नाही की 'कट्' नाही. काठी अर्धी झाली, ती पुढे झुकली आणि पडली ती उजव्या हातावर.

मनगट फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लॅस्टर. फर्स्ट इयरचं पहिलं सबमिशन, ड्रॉइंगच्या शीट्स, तोंडावर आलेली परीक्षा... उजवा हात नसताना हे सगळं काय असतं ते इथल्या कुठल्याही वाचकाला सांगायला नको. खाली गुंजवण्यापर्यंत उतरायला आम्हाला तीन तास लागले. ती रडली नाही. एकदाच म्हणाली, "ताई, मी काही चुकीचं केलं का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली आणि दोन पार्ट्या पडल्या. पहिली पार्टी म्हणाली, जुन्या काठ्या सगळ्या भंगारात घाला आणि नव्या वीस जोड्या घ्या, एकाच रंगाच्या, 'अँटी-शॉक' वाल्या. दुसरी पार्टी म्हणाली, काठ्याच बंद करा! महाराजांच्या मावळ्यांना कुठे पोल लागले होते?

मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत. आधी दुसरीला उत्तर देते, कारण टाळ्या तिलाच जास्त पडल्या.

मावळे या डोंगरातच जन्मले, वाढले. आपण आठवडाभर लॅपटॉपसमोर पाठीचं धनुष्य करून बसतो आणि रविवारी अचानक डोंगर उतरायला निघतो. ही तुलनाच चुकीची आहे. शिवाय डोंगरातल्या माणसाच्या हातात काठी नसते हे तुम्हाला कुणी सांगितलं? राजगड-तोरण्याच्या वाटेवर एखादा धनगर भेटला तर त्याच्या हाताकडे बघा. काठी असते. फक्त ती एकसंध असते, तिला जोड नसतो. त्यामुळे आत जाण्यासारखं तिच्यात काही नसतंच!

आणि काठीचा उपयोग ही काही दुकानदाराने उठवलेली अफवा नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांचा १९९९ साली एक पेपर आला. त्यांनी आठ जणांना २५ अंशांच्या उतारावर काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय चालवलं आणि गुडघ्यावर येणारी बलं मोजली. काठ्यांमुळे ती १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाली. आठच माणसं होती हे खरं. पण ज्यांनी पाठीवर सॅक घेऊन उतरताना गुडघ्यांचे हाल भोगलेत, त्यांना पेपरही वाचायची गरज नाही.

मात्र दुसऱ्या पार्टीच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे, तो मी नाकारणार नाही. गिर्यारोहण संघटनांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, यूआयएए, त्याच्या वैद्यकीय आयोगानेही बजावलंय की काठ्या सतत वापरल्या तर शरीराची तोल सांभाळायची सवय कमी होऊ शकते. म्हणजे काठी हवी ती उतारावर, ओझं असेल तेव्हा, ओढा ओलांडताना, गुडघा दुखरा असेल तर. सपाट माचीवर फोटो काढत फिरताना ती सॅकला बांधून ठेवलेली बरी. आणि जिथे हात लागतात तिथे तर काठी हातात नकोच. चोर दरवाजाचं रेलिंग असो की कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, मनगटाला लोंबकळणारी काठी पायात यायला एक सेकंद पुरतो. घडी करा, टोक खाली करून सॅकमध्ये खोचा (टोक वर ठेवलं तर मागच्याचा डोळा धोक्यात!) आणि मग हात लावा.

आता पहिली पार्टी. 'सगळं बदला' वाली.

मीटिंगनंतर मी ग्रुपचं कपाट उघडलं. कपाटाची किल्ली वर्षभर माझ्याकडेच होती, कारण सामानाची जबाबदारी माझी. दहा काठ्या होत्या. त्या घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेले. फिटिंग शॉपच्या मामांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बेंचवर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाले, "एकेक नळी वेगळी कर आणि ओळीने मांड. आधी बघू, मग बोलू."

चार वर्षांत आम्हा इंजिनिअरांपैकी कुणी हे केलं नव्हतं हो! 'आधी बघू, मग बोलू.'

निकाल असा लागला. दहापैकी तीन काठ्या पूर्ण बाद: दोघींची खालची नळी वाकलेली आणि एकीची जोडाजवळ चिरलेली. चार काठ्यांची फक्त टोकं झिजलेली. एक अगदी ठणठणीत. आणि उरलेल्या दोघींचं लॉक आतून लाल मातीने भरलेलं. त्या दोनपैकी एक राजगडची.

या काठ्या पिळून घट्ट करायच्या, म्हणजे ट्विस्ट लॉकच्या. आतल्या नळीच्या टोकाला एक स्क्रू आणि त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा असतो. नळी पिळली की तो तुकडा फुगतो आणि बाहेरच्या नळीला आतून दाबून धरतो. बस्स, इतकंच. ना खाच, ना खिळा. तुमचं सगळं वजन पेलतं ते निव्वळ घर्षण! फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये घर्षणाची गणितं घोकून आपण पास होतो. त्या घर्षणात चिखल, पाणी किंवा ऑक्साइडची पांढरी पूड आली की दाब तितकाच राहिला तरी पकड जाते. बाहेरून काही दिसत नाही. पिळताना हाताला घट्ट लागतं. वजन पडलं की सरकते.

मामांनी कपड्याची चिंधी सळईला गुंडाळून नळी आतून पुसली. प्लॅस्टिकचा तुकडा नुसत्या पाण्याने धुतला (तेल अजिबात नाही, तेलाने तर घर्षण संपलंच!) आणि वाळू दिला. दुसऱ्या दिवशी जोडून मी तिच्यावर दोन्ही तळहात टेकवून सगळा भार टाकला. काठी तसूभरही हलली नाही.

म्हणजे ती काठी मोडलेली नव्हती. घाण होती.

आणि आता ती कबुली. जुलैमधल्या भर पावसातल्या ट्रेकवरून आल्यावर त्या काठ्या ओल्या, मिटलेल्या अवस्थेत कपाटात कोंबणारी मीच होते. दुसऱ्या दिवशी व्हायवा होती. 'नंतर पुसू' म्हटलं. ते नंतर कधी आलंच नाही. राजगडला निघताना पहाटे साडेचारला मी कपाट उघडलं, मोजून दहा काठ्या काढल्या आणि वाटल्या. एकही तपासली नाही. तेव्हा त्या ज्युनिअरच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: नाही गं, तू काही चुकीचं केलं नाहीस. मी केलं.

म्हणूनच मला 'सगळं बदला' चा राग येतो. नव्या वीस जोड्या आल्या की सगळ्यांना वाटेल, प्रश्न मिटला. त्या चाळीस काठ्या याच कपाटात जातील. पुढच्या जुलैत कुणीतरी दुसरी मुलगी, दुसऱ्या व्हायवाच्या आदल्या रात्री, त्या ओल्याच कोंबेल. आणि चाळीस तपासणं हे दहा तपासण्यापेक्षा चौपट कंटाळवाणं काम आहे, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग काय बदलायचं आणि काय नाही? माझा हिशोब साधा आहे.

टोक झिजलंय? फक्त टोक बदला. टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कडक तुकडा असतो. तो झिजून प्लॅस्टिक जमिनीला लागायला लागलं की खडकावर काठी घसरते. पण टोक हा बदलायचाच भाग आहे. मेसच्या मावशींकडून पातेलंभर उकळतं पाणी घेतलं ("आता काठीचं सूप करता का गं?"), टोक त्यात धरलं, पकडीने पिळून ओढलं, निघालं. सगळ्या कंपन्यांची टोकं एका मापाची नसतात, म्हणून व्हर्नियरने नळीचं माप घेऊन नवीन मागवली. चार काठ्या वाचल्या.

नळी वाकलीय? तिला गुडघ्यावर ठेवून सरळ करणारे बहाद्दर आपल्यात आहेत. करू नका. सरळ दिसली तरी वाकलेल्या जागी ती कमजोर झालेली असते आणि पुढच्या वेळी तिथेच जाते. ज्या कंपन्या खालची नळी सुटी देतात त्यांची नळी मागवा, नाहीतर काठी बाद करा. चिरलेली नळी असेल तर विचारच करू नका, थेट बाद. फक्त बाद केलेल्या काठीचे पट्टे, चकत्या, रबरी टोप्या काढून ठेवा, दुसरीला लागतात.

आणि लॉक? आधी धुवा, वाळवा, वजन टाकून बघा. तरीही सरकलं तर प्लॅस्टिकचा तुकडा झिजलाय. तो सुटा मिळाला तर बदला, नाही मिळाला तर बाद.

म्हणजे आपल्याला खरी गरज आहे ती तीन काठ्यांची. चार म्हणू, म्हणजे दोन जोड्या होतील. वीस जोड्यांची नाही.

आता त्या दोन जोड्या घ्यायच्या कशा? दुकानात गेलं की आपण आधी रंग बघतो, मग वजन, मग किंमत. माझ्या मते क्रम असा हवा: लॉक, नळी, मूठ. रंग सगळ्यात शेवटी.

लॉक बाहेरून दाबायच्या खटक्याचं घ्या, ज्याला लिव्हर लॉक म्हणतात. ते फार भारी असतं म्हणून नव्हे, तर ते दिसतं म्हणून. खटका बंद आहे की उघडा, हे दहा फुटांवरून कळतं. ओल्या हातांनी लागतं. सैल झालं तर बाजूचा छोटा स्क्रू थोडा आवळला की झालं. ट्विस्ट लॉकचा दोष आतमध्ये लपतो. जी वस्तू वीस जणी वापरणार आणि जिची जबाबदारी धड कुणाचीच नाही, तिचा दोष बाहेर दिसणं फार महत्त्वाचं!

नळी अॅल्युमिनियमची घ्या. कार्बन फायबर हलकं असतं, मान्य, आणि स्वतःची काठी जपून वापरणाऱ्याला ते छानच आहे. पण आपल्या काठ्या गाडीच्या टपावर पडतात, दगडात अडकतात. कार्बनला टोकदार दगडाचा घाव बसला तर बारीक चीर पडते आणि नंतर ते एकदम तुटू शकतं. अॅल्युमिनियम बहुतेक वेळा आधी वाकतं, म्हणजे सांगून जातं. मिश्रधातू ७०७५ क्रमांकाचा असेल तर उत्तम. हा जस्त घातलेला, विमानांच्या भागांसाठी वापरतात तो.

लांबीचं सूत्र सोपं: टोक जमिनीवर असताना कोपर काटकोनात हवं. चढताना पाच-दहा सेंटिमीटर कमी, उतरताना तितकीच जास्त. नळीवर जास्तीत जास्त लांबीची खूण असते, तिच्या पलीकडे ओढायचं नाही. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला ऑयलर आठवा. लांबी दुप्पट झाली की बकलिंगला पुरणारं बल चौथ्या हिश्शावर येतं. म्हणून एकच बारीक नळी पूर्ण ओढण्यापेक्षा दोन्ही नळ्या सारख्या ओढा.

मूठ कॉर्कची किंवा फोमची असावी, घामाने निसटत नाही. पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि पट्ट्यासकट मूठ धरायची. भार मनगटावर येतो, बोटं दुखत नाहीत. पण घसाऱ्यावर, किंवा टोक दगडांत अडकेल अशा जागी, हात पट्ट्यातून काढून ठेवा. पडताना काठी सुटली पाहिजे. ती हाताला बांधलेली राहिली तर अंगठा दुखावतो.

'अँटी-शॉक' ची स्प्रिंग मी घेणार नाही. तिने वजन वाढतं, किंमत वाढते आणि बिघडायला अजून एक भाग मिळतो. बर्फासाठीची मोठी चकतीही सह्याद्रीत नको, चिखलासाठी छोटी पुरते.

आणि रबरी टोपी मात्र विसरू नका. मातीत, चिखलात उघडं टोक ठीक. पण गडाच्या पायऱ्यांवर, कातीव दगडावर टोपी घालायचीच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात आपला राजगडही आहे. त्या दिवशी हॉस्टेलवर आपण केवढा जल्लोष केला! मग त्याच राजगडाच्या पायरीवर कार्बाइडचं टोक आपटत उतरायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं? कोरडया दगडावर रबराची पकडही चांगली. शेवाळलेल्या ओल्या दगडावर मात्र दोन्हींवर विश्वास नको.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढं काय त्या काठीचं! मलाही तसंच वाटायचं. पण विचार करा, काठी नसती तर त्या मुलीने काय केलं असतं? बसून, हात टेकत, हळूहळू उतरली असती. काठी होती म्हणून तिने पुढे वजन टाकलं. भरवशाची नसलेली काठी ही काठी नसण्यापेक्षा वाईट, कारण आपण तिच्या भरवशावर एक पाऊल जास्त टाकतो.

म्हणून माझा ग्रुपपुढे प्रस्ताव असा: दोन जोड्या नव्या, बाकीच्या दुरुस्त. वीस जोड्यांचे जे पैसे वाचतील त्यातून एक बरी फर्स्ट-एड पेटी. प्रत्येक काठीला रंगाने नंबर. कपाटाच्या दारावर एक वही टांगलेली: कोणी नेली, कधी आणली, वाळवली का, सही. आणि निघताना गेटवरच, गाडीत बसायच्या आधी, प्रत्येकाने आपली काठी उघडून तिच्यावर वजन टाकून बघायचं. एक मिनिट लागतं. सर किंवा मॅडम सोबत असतील तर त्यांनीही. काठीला कोण प्रोफेसर आणि कोण फर्स्ट इयर, ते कळत नाही!

त्या ज्युनिअरचं प्लॅस्टर निघालं. ड्रॉइंगच्या शीट्सना तिला मुदत मिळाली, त्या तिने पूर्ण केल्या. पुढच्या ट्रेकच्या यादीत तिने स्वतःहून नाव घातलंय. परवा मेसमध्ये भेटली तर म्हणाली, "ताई, मी येणार आहे. पण काठी माझी मी तपासणार हं."

म्हटलं, "तपास. आणि माझीपण तपास."

राजगडची ती काठी आता नंबर सात आहे. ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, मीच वापरते. परत आल्यावर आधी तिला पुसते, नळ्या वेगळ्या करून खिडकीत वाळत घालते, आणि मग अंघोळीला जाते. रूममेट म्हणते, "आजीबाई, काठी झोपली का?"

हसू दे. तिचीपण यादीत नंबर चारची काठी आहे, आणि कालच वहीत तिची सही बघितली. 'वाळवली' च्या खाली!